साबणाचा प्रतिनिधी

संसारात काही प्रश्न असे असतात की त्यांच्यासाठी कोणी कोर्टाची पायरी चढत नाही, आणि तरीही त्यांचा निकाल कोणा ना कोणाला रोज सकाळी द्यावाच लागतो. दाढीचा साबण संपला आहे, कोपऱ्यावरचे दुकान उघडायला अवकाश आहे आणि अकराच्या ठोक्याला न्यायाधीशांसमोर उभे राहायचे आहे. न्हाणीघराच्या कोनाड्यात अंघोळीच्या साबणाची वडी मात्र निवांत बसून आहे. ती गालावर फिरवावी की फिरवू नये? प्रश्न क्षुद्र आहे, हे आम्ही आरंभीच मान्य करतो. परंतु क्षुद्र दाव्यांतूनच पुष्कळदा मोठे न्यायतत्त्व बाहेर पडते, असा आमच्या धंद्याचा अनुभव आहे. म्हणून वाचकांनी घटकाभर हा दावा ऐकून घ्यावा, अशी विनंती आहे.

वादात पक्ष दोन आहेत. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की, साबण तो साबण; अंगाला चालतो तो गालाला का चालू नये? गाल हा अंगाबाहेरचा प्रांत आहे काय? दुसरा पक्ष म्हणतो की, ज्याचे काम त्यानेच करावे. अंघोळीच्या साबणाने दाढी करणे म्हणजे दिवाणी वकिलाला खुनाच्या खटल्यात उभे करणे होय. उभा राहील, पण अशिलाने देव पाण्यात घालून ठेवावेत.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. कारण साबणाच्या बाबतीतही कायद्याला काही म्हणायचे असते. जगातल्या बहुतेक देशांनी मालाचे जे एकच वर्गीकरण स्वीकारले आहे आणि ज्यावर आपले सीमाशुल्काचे दरपत्रकही बेतलेले आहे, त्यात साबणाचे शीर्ष ३४०१ हे आहे. अंघोळीची वडी तेथे बसते, आणि गंमत अशी की, दाढीच्या साबणाची घट्ट वडीही तिच्याच शेजारी बसते. नळीतून निघणारे दाढीचे क्रीम व डब्यातून फुसफुसत येणारा फेस यांना मात्र ३३०७ या शीर्षाखाली, अत्तरे आणि प्रसाधने यांच्या पंगतीत बसवलेले आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने अंघोळीची वडी आणि दाढीची वडी या सख्ख्या बहिणी. क्रीम हेच परगोत्रातले. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंघोळीची वडी आणि दाढीचे क्रीम या दोहोंवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा सरकारनेही हा भेद निदान गल्ल्यापुरता मिटवला असे म्हणता येईल. पहिल्या पक्षाने येथेच टाळ्या वाजवाव्यात. कारण पुढचा पुरावा त्याला इतका अनुकूल नाही.

पुढचा पुरावा रसायनशास्त्राचा आहे. कोणतेही तेल किंवा चरबी घ्यावी, तिला दाहक सोड्याशी शिजवावे, म्हणजे साबण व ग्लिसरीन तयार होते. इथवर दोन्ही बहिणींची जन्मकथा एकच. भेद पुढे आहे. अंघोळीच्या वडीत आपल्याकडे मुख्यतः पामचे तेल व त्याचे अंश असतात, आणि त्यात काही भाग खोबरेलाचा किंवा पामच्या बियांतल्या तेलाचा घातलेला असतो. खोबरेलातील लॉरिक आम्लामुळे फेस चटकन येतो, बुडबुडे मोठे येतात आणि तितक्याच चटकन विरतात. खोबरेलाचा साबण तर समुद्राच्या खाऱ्या पाण्यातही फेसतो. आगबोटींवर तो वापरीत त्याचे कारण हेच, आणि आमच्या गोव्याच्या तारवटींना हे कोणी पुस्तकातून शिकवायला नको. उलट दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचा भाग मोठा असतो, आणि सोड्याबरोबर पोटॅशही वापरलेले असते. पोटॅशचा साबण मऊ असतो व पाण्यात लवकर मिसळतो. स्टिअरिक आम्लाचा फेस सावकाश येतो, पण बारीक, दाट आणि ओला राहतो. अंघोळीला फेस क्षणभर पुरतो, कारण लगेच तांब्याभर पाणी ओतायचेच असते. दाढीला तो पाच मिनिटे गालावर टिकावा लागतो. सगळा भेद या पाच मिनिटांत आहे.

त्यातही अंघोळीच्या नावाने जे विकले जाते ते सारे एका प्रतीचे नसते. वेष्टनावर बारीक अक्षरांत टी. एफ. एम. म्हणून एक आकडा छापलेला असतो. वडीत स्निग्धांश किती, हे तो सांगतो. भारतीय मानकाप्रमाणे अंघोळीच्या साबणाच्या पहिल्या प्रतीत तो किमान ७६ टक्के, दुसरीत ७० आणि तिसरीत ६० टक्के असावा लागतो. त्याखेरीज ‘बेदिंग बार’ नावाची निराळी जात आहे. तिला ४० टक्केही पुरतात. दुकानाच्या फळीवर हे सर्व एकाच रंगाच्या वेष्टनात, एकाच सुगंधात शेजारी शेजारी बसलेले असतात. करारावर सही करण्यापूर्वी बारीक अक्षरे वाचा, असे आम्ही अशिलांना जन्मभर सांगत आलो. साबणाच्या बाबतीत ती वाचण्याची सवय मात्र वकिलांनाही नसते.

परंतु दाढी मऊ कोण करतो? या प्रश्नाचे उत्तर आम्हांला ग्रंथांच्या आधी घरात मिळाले. आमचे वडील पेडणे तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मास्तर होते. घरात साबण एकच असे. हात त्यानेच धुवायचे, अंघोळ त्यानेच करायची आणि दाढीही त्यानेच. त्यांच्या लहानपणी गावचा म्हालो धोकटी काखेत मारून घरोघर फिरे. तो साबण लावीतच नसे. वाटीभर पाणी घेऊन तो बोटांनी गाल इतका वेळ चोळी की गिऱ्हाईक पेंगायला लागे, आणि मग वस्तरा लोण्यातून फिरावा तसा फिरे. वडिलांनी हा धडा लक्षात ठेवला होता. ते म्हणत, “खाड मोव करता तें उदक; साबू फकत तें धरून दवरता.” दाढी मऊ करते ते पाणी, साबण ते केवळ धरून ठेवतो. घरात कोंकणी, शाळेत मराठी अशा त्या गृहस्थांनी त्या एका वाक्यात जे सांगितले, तेच शास्त्रही सांगते. केस पाणी पितो, फुगतो, आणि दोन-तीन मिनिटांत कितीतरी कमी जोराने कापला जातो. साबणाचे काम केसावरचा तेलकटपणा काढून पाण्याला वाट करून देणे, ते पाणी उडू न देणे आणि पाते घसरेल इतका बुळबुळीतपणा राखणे, एवढेच.

पाणीच मुख्य ठरल्यावर पाण्याची जातही विचारावी लागते. कोकण-गोव्याच्या जांभ्यातल्या विहिरींचे पाणी सामान्यतः मऊ. त्यात कोणतीही वडी फेसाने भरभरून बोलते. घाट चढून पठारावर, विशेषतः कूपनलिकेच्या प्रदेशात गेले की तीच वडी मुकी होते. शाळेच्या पुस्तकांत याला दुष्फेन पाणी म्हणतात, आणि नाव अगदी सार्थ आहे. पाण्यातले चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावतात आणि फेसाऐवजी पांढरट साका तयार होतो. एका पक्षकाराच्या कामासाठी सोलापुरात मुक्काम असताना उतारगृहाच्या इवल्या वडीने दाढी करण्याचा प्रसंग आमच्यावर आला होता. अर्धी वडी झिजली. गालावर फेस नव्हता, पात्यावर मात्र दह्यासारखा थर बसला होता. हैद्राबादकडील आमचे स्नेही अशा वेळी पाणी उकळून, निवळून घेतात. उकळल्याने कठीणपणाचा एक भाग खाली बसतो, आणि उरलेल्या पाण्यात वडी पुन्हा तोंड उघडते.

आता न्यायतत्त्वाकडे वळू. कायद्याच्या अभ्यासक्रमात दत्तकाचे प्रकरण वाचताना ‘पुत्रप्रतिनिधी’ हा शब्द आम्हांला प्रथम भेटला. औरस पुत्र नसेल तर त्याच्या जागी घेतलेला तो पुत्राचा प्रतिनिधी, असे जुने धर्मशास्त्र म्हणते. १९५६ च्या कायद्याने दत्तकाचे रूप बदलले, पण तो शब्द मनात राहिला, आणि त्याचा माग काढीत आम्ही जैमिनीच्या मीमांसासूत्रांतील सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादापर्यंत पोहोचलो. यज्ञात विहित द्रव्य मिळाले नाही तर काय करावे, याचा तेथे इतका कसून विचार केलेला आहे की आमच्या उच्च न्यायालयांनीही हेवा करावा. नियम साधारण असे. विहित द्रव्य मिळत नसेल तर काम सोडू नये. त्याच्याशी सदृश असे दुसरे घ्यावे. व्रीही नसतील तर नीवार, म्हणजे रानातले भात, घ्यावे. जे मुळातच निषिद्ध आहे ते मात्र प्रतिनिधी म्हणूनही घेता येत नाही. उडीद आणि कोद्रव यज्ञाला वर्ज्य, म्हणून ते व्रीहीच्या जागी येऊ शकत नाहीत. आणि प्रतिनिधीही संपला तर पुढचे द्रव्य मूळ द्रव्याशी सदृश शोधावे, प्रतिनिधीशी सदृश नव्हे.

हे नियम न्हाणीघरात लावून पाहा. एकही वाया जात नाही. दाढीचा साबण नसेल तर दाढी सोडू नये, अंघोळीची चांगल्या प्रतीची वडी घ्यावी; ती नीवार होय. कपडे धुण्याचा साबण हा उडीद-कोद्रव. कितीही निकड असो, तो गालाला वर्ज्य. आणि अंघोळीची वडीही संपली तर तिच्याशी सदृश म्हणून न्हाण्याचा शाम्पू शोधीत बसू नये. दाढीच्या साबणाचे जे मूळ काम, म्हणजे ओलावा धरणे आणि पाते घसरू देणे, ते कशाने साधेल ते पाहावे. गरम पाण्याने भिजवलेल्या गालावर खोबरेलाची चार बोटे, हे उत्तर जैमिनीला मान्य झाले असते असे आम्हांस वाटते.

नीवार वापरण्याचीही एक रीत आहे, ती अनुभवाने सांगतो. दाढी अंघोळीनंतर करावी, किंवा गरम पाण्याने गाल दोन-तीन मिनिटे भिजवावेत. वडी ब्रशाला घासण्याऐवजी ओल्या दाढीवरच, केसांच्या उलट दिशेने फिरवावी, म्हणजे साबण केसांच्या मुळाशी बसतो. मग ओल्या ब्रशाने घोळवावे आणि अधूनमधून पाण्याचे थेंब द्यावेत. दोन्ही गाल एकदम माखू नयेत. दुसऱ्या गालाची पाळी येईपर्यंत त्याचा फेस वाळून पापुद्रा झालेला असतो. एक गाल, मग दुसरा, मग हनुवटी, असा क्रम ठेवावा. पाते नवे असावे. साबण स्वभावतः अल्कधर्मी असल्यामुळे काम संपताच तोंड भरपूर पाण्याने धुऊन टाकावे. कोरड्या त्वचेच्या माणसाने तेलाचे बोट लावावे. सुगंधी वडीने ज्याच्या गालाला आग होते, त्याने हा मार्ग सोडावा.

साबणाचाच इतिहास पाहिला तर तोही प्रतिनिधींचा इतिहास आहे. विलायती साबणात प्राण्यांची चरबी असे, आणि आपल्याकडील अनेकांना तिचा विटाळ वाटे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास आर्देशीर गोदरेज यांनी केवळ वनस्पतींच्या तेलांचा साबण काढला आणि चरबीच्या जागी तेल बसवले. हे आर्देशीर मूळचे वकील. १८९४ साली एका दाव्याच्या कामासाठी ते झांजिबारला गेले, सत्याला मुरड घालणे जमेना म्हणून त्यांनी वकिलीच सोडली, आणि १८९७ साली कुलपे करायला घेतली. आमच्या धंद्याने एक प्रामाणिक मनुष्य गमावला, आणि त्याच्या मोबदल्यात देशाला कुलपे व साबण मिळाले. सौदा देशाच्या दृष्टीने वाईट झाला नाही. वकिलांनी मात्र तो आठवून अधूनमधून खाली पाहावे.

इथवर आम्ही जे लिहिले त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती: दाढीचा साबण हा मुख्य आणि अंघोळीची वडी हा प्रतिनिधी. ही गृहीत गोष्टच तपासावी लागेल, असे आम्हांला वडिलांच्या अखेरच्या वर्षी कळले.

पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला आणि वाचाही गेली. आम्ही त्यांना गावाहून बेळगावी आपल्या बिऱ्हाडी आणले. त्यांची दाढी करण्याचे काम आम्ही आपल्याकडे घेतले. त्यांच्यासाठी म्हणून चांगल्या प्रतीचे क्रीम आणले. आजारी माणसाच्या गालाला सौम्य हवे, असा विचार. पहिल्या दिवशी ते ब्रशावर घेऊन गालाशी नेले, तेव्हा त्यांनी मान सावकाश भिंतीकडे वळवली. रागाने नव्हे, ऐकून न घेण्याजोगा पुरावा पुढे आला म्हणजे वृद्ध न्यायाधीश जशी नजर बाजूला नेतात, तशी. मग डाव्या हाताचे बोट उचलून त्यांनी मोरीतल्या कोनाड्याकडे दाखवले. तेथे त्यांची वडी होती. गावाहून येताना टॉवेलात गुंडाळून आणलेली, मध्ये झिजून होडीसारखी झालेली.

त्या बोटाने आमचे सगळे युक्तिवाद उलटे केले. त्यांच्या यज्ञात वडी हीच मुख्य होती. पन्नास वर्षे ती विहित द्रव्य होती. प्रतिनिधी होते ते आमचे क्रीम. मुख्य कोण आणि प्रतिनिधी कोण, हे वेष्टनावर छापलेले नसते, दरपत्रकातही नसते. ते कर्म कोणाचे आहे यावर ठरते. रसायनशास्त्राचा सगळा पुरावा खरा धरूनही निकाल त्यांच्या बाजूने द्यावा लागला.

याच पादात जैमिनीने आणखी एक नियम सांगितला आहे. द्रव्याला प्रतिनिधी चालतो. देवतेला चालत नाही, अग्नीला चालत नाही, आणि यजमानालाही चालत नाही. ज्याचा यज्ञ त्यानेच तो करावा. मात्र अनेक यजमान मिळून करीत असलेल्या सत्रात एखादा मध्येच मरण पावला, तर संख्या भरून काढण्यासाठी दुसऱ्याला बसवता येते. हा नवा माणूस केवळ कर्मकर. यज्ञाचे फल त्याला मिळत नाही. परंतु ज्याच्या जागी तो बसला, त्या यजमानाचे सर्व नियम त्याला पाळावे लागतात.

आम्ही रोज सकाळी त्या खाटेशी कर्मकर म्हणून बसत असू. नियम त्यांचे होते आणि आम्हांला ते लहानपणापासून ठाऊक होते. पाणी पितळी तांब्यातले. वर्तमानपत्राच्या कागदावर पाते पुसायचे नाही, ओल्या फडक्याने पुसायचे. आणि गाल भिजवल्यावर पंधरापासून विसापर्यंतचे पाढे म्हणायचे. घड्याळ न पाहता केस मऊ व्हायला लागणारा वेळ मोजण्याची ती मास्तरांची युक्ती होती; ते मनात म्हणत, पण शेवटी शेवटी ओठ हलत. आता ते म्हणणे आमच्याकडे आले. आम्ही मोठ्याने म्हणत असू. ‘सतरा नवे त्रेपन्नासे’ म्हणताना त्यांचे डावे बोट रजईवर ठेका धरी, आणि विसाचा पाढा संपला की ते थांबे. म्हणजे आता वडी लावायला हरकत नाही. बोलता न येणाऱ्या माणसाशी इतका नियमित संवाद आमचा त्या घरात दुसऱ्या कोणत्याही वेळी झाला नाही. एरवी तो औषधे, अंथरूण, डॉक्टर यांच्यातच अडकलेला असे.

ते गेल्याला आता वर्ष होऊन गेले. आमच्या न्हाणीघरात क्रीमही आहे आणि वडीही आहे. ज्या दिवशी जे हाताला येईल ते आम्ही लावतो, आणि कोर्टात उभे राहिल्यावर कोणत्याही न्यायाधीशाला त्यांतला भेद कळल्याचे दिसत नाही. वाचकांनीही निकडीच्या सकाळी निःशंकपणे वडी उचलावी, मात्र गाल नीट भिजवून. तो भिजत असताना आम्ही अजूनही पंधरापासून विसापर्यंतचे पाढे म्हणतो. त्या दोन-तीन मिनिटांचे फल कोणाच्या खाती जमा व्हायचे, याबद्दल जैमिनीने संशयाला जागा ठेवलेली नाही.